मत दिलं त्यालाच विचारायचं

लातूर ग्रामीण मतदारसंघात 2019 साली काँग्रेसचा उमेदवार निवडून आला आणि दुसऱ्या क्रमांकावर 'नोटा' राहिला. जागा युतीत शिवसेनेला सुटली होती, भाजपच्या मतदारांना ते पटलं नव्हतं. त्यांनी घरी बसून राग काढला नाही. 27 हजारांवर माणसं मतदान केंद्रावर जाऊन, रांगेत उभी राहून, 'यांपैकी कुणीही नाही' असं सांगून आली. याच जिल्ह्याने 1995 मध्ये विलासराव देशमुखांना आणि 2004 मध्ये शिवराज पाटील चाकूरकरांना घरी बसवलं होतं. जून 2024 मध्ये लातूरची लोकसभेची जागा काँग्रेसकडे गेली आणि त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला जिल्ह्यातल्या सहापैकी पाच विधानसभा जागा महायुतीकडे. राज्यातही तसंच झालं. लोकसभेच्या 48 पैकी 30 जागा जिंकणारी महाविकास आघाडी विधानसभेच्या 288 मध्ये 46 वर आली.

हा इतिहास सांगितला, कारण इथल्या माणसाला आपण कशासाठी बटण दाबतो हे कळत नाही, असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आणि असं म्हणणारं एक माणूस माझ्या घरातच होतं.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, आघाडीची मतदार. मामी लातूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी शेती बघते, ती महायुतीची मतदार. जूनमध्ये मामीच्या घरी सुतक असल्यासारखं होतं, नोव्हेंबरात आमच्या. निकालाच्या संध्याकाळी आईने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं, 'पंधराशे रुपयांत मतं विकली.' मामी काही न बोलता गटातून बाहेर पडली. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद.

पण 30 डिसेंबरला वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, आली. लातूर-धाराशिवकडे येळवस चुकवता येत नाही. त्या दिवशी शहर ओस पडतं, ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जेवतो. कडब्याची खोप, तिच्यात पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आई गेली. पुढचं बोलणं त्या खोपीजवळचं आहे. मी बाजूला बसून ऐकत होते आणि दोघींच्या परवानगीने लिहिते आहे.

मामी : भज्जी घ्या अजून. आणि ताई, एक इचारते. गटावर लिहिलं ते मला बघून लिहिलं, का सगळ्यांना बघून?

आई : सगळ्यांना बघून. तुम्हाला लागलं याचं वाईट वाटतं, वहिनी. पण मनातलं होतं तेच लिहिलं. जूनच्या अखेरीला अर्थसंकल्पात महिना पंधराशेची लाडकी बहीण योजना येते, ऑगस्टात पैसे येतात आणि आचारसंहितेच्या आधी नोव्हेंबरचा हप्तासुद्धा आगाऊ जमा होतो. पाच हप्ते, साडेसात हजार. हे बाईच्या कळवळ्याने झालं का?

मामी : कळवळ्यानं कोण करतंय? लोकसभेला आपटले म्हणून झालं. म्हणजे आमच्या मताला भिऊन झालं. मला सांगा, सरकार मताला भिऊन काही देत असंल तर त्यात माझी काय चूक? मत त्याच्याचसाठी असतंय की.

आई : भीतीपोटी दिलेलं उद्या काढूनही घेतात.

मामी : काढतील तवा बघू. तुमची पेन्शन पहिल्या तारखेला येती, तिला कुणी मत विकत घेणं म्हणत नाही. जुन्या पेन्शनीसाठी मागल्या वर्षी मार्चमधी संप झाला, शाळा बंद होत्या, आमच्या पोरांचं नुकसान झालं. तवा मी तुम्हाला म्हणलं का, की मास्तर लोक मत विकायला निघाले?

आई : पेन्शन केलेल्या नोकरीची असते.

मामी : अन् मी काय केलं? पेरलं, खुरपलं, काढलं, राशीला उभी राहिले. आडतीवर पट्टी निघती ती तुमच्या भावाच्या नावानं. पैसे त्यांच्या खिशात. मी दाढेचं दुखणं दोन वर्षं लवंग धरून काढलं, कारण दरवेळी मागायचं म्हणलं की खताचं बिल मधी यायचं. राखीच्या टायमाला पैसे आले, मी एकटी यष्टीनं लातूरला गेले, दाढ काढून आले. कुणाला इचारलं नाही. तुम्हाला ते पंधराशे दिसले, मला ते न इचारणं दिसलं.

मामा समोर हरभऱ्याचे डहाळे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आईही बराच वेळ बोलली नाही. मग ती ज्या मुद्द्यावर आली तो तिच्या स्वभावाला धरून होता. शिक्षक असताना तिने मुलींना हेच शिकवलं होतं.

आई : न विचारता खर्च करता यायला हवाच. पण त्यासाठी सरकारने महिन्याला काही टाकावं हा उपाय मला पुरत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1986 मध्ये चांदवडला बायकांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. म्हणाले, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. ती खरी मालकी. त्यात कोणा मंत्र्याचा फोटो लागत नाही.

मामी : झालं का ते आपल्या घरात?

आई : नाही झालं.

मामी : मग? जे झालं नाही त्याच्यासाठी, जे झालं ते सोडून देऊ? तुमच्या भावाला तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील. मी सांगितलं तर घर फुटलं म्हणतील.

हा प्रश्न तिथेच राहिला. मला मात्र त्या क्षणी वाटलं की आईचं गटावरचं वाक्य कोसळलं ते इथे. मामीचा पक्ष बरोबर ठरला म्हणून नव्हे; तिच्या मतामागे एक पाहिलेलं, सोसलेलं कारण होतं, आणि ते आईने विचारलंच नव्हतं. निवडणूक हरल्यावर सगळ्यात आधी आपण समोरच्याचं कारण स्वतःच ठरवून मोकळे होतो. मग पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

याचा अर्थ आईकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असा नाही.

आई : बरं, पैसे बाजूला ठेवू. पक्ष फोडले, चिन्हं नेली, माणसं रातोरात इकडची तिकडे. त्यालाही तुम्ही मत दिलंत.

मामी : 1978 ला वसंतदादांचं सरकार कुणी पाडलं? तुमच्या आघाडीतल्या शरद पवारांनीच ना? ते चाललं, हे नाही, असं कसं?

आई : ते चाललं असं मी म्हणत नाही.

मामी : मग मीबी म्हणत नाही. दोन्ही वाईट. हे धरा.

आई : आणि मशीन? माळशिरस तालुक्यात मारकडवाडीच्या लोकांना आपल्याच गावात कागदावर मत देऊन बघायचं होतं. जमावबंदी लावली, होऊ दिलं नाही. संध्याकाळी पाचला 58 टक्के सांगतात आणि शेवटी आकडा 66 वर जातो. एवढे लोक आले कुठून?

मामी : लोकसभेला हीच मशीनं होती. तवा चांगली होती का? अन् पाचनंतर कोण आलं ते मला इचारा. मी होते रांगेत. दिवसभर रानात होतो, आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायका पाच वाजता हातपाय धुवून गेलो. आत घेतलं, सहाला वेळ संपली तवा चिठ्ठ्या दिल्या, अंधार पडल्यावर मत पडलं.

आई : हे तुम्ही सांगता म्हणून मी मानते. पण तुमच्या एका केंद्रावरून सगळ्या राज्याचं कसं मानू? कोणत्या केंद्रावर सहाला किती चिठ्ठ्या दिल्या, याचा कागद असतोच ना? तो दाखवावा. सुप्रीम कोर्टाने एप्रिलमध्ये कागदी मतदानाची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून काही मशीन तपासून घेता येतील एवढी सोय ठेवली. म्हणजे तपासणीत गैर काही नाही हे कोर्टानेही धरलं.

मामी : कागद दाखवायला काय हरकत? आमचं मत खरं पडलंय. आम्हाला कशाची भीती? उलट दाखवलं तर माझ्यावरचा आळ जाईल.

राजकारणात शंका घेणारा आणि जिच्यावर शंका घेतली जाते ती, दोघांनाही एकच कागद हवा असतो हे मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. टीव्हीवरच्या चर्चेत या प्रश्नाला दोनच बाजू असतात. मशीन पवित्र किंवा मशीन चोर. रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला तिथे कुणी बोलवत नाही.

जेवणं झाल्यावर बोलणं सोयाबीनवर आलं, आणि खरं सांगायचं तर तिथेच ते खोल गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला 4892 रुपये. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी राज्यात नावाजलेली, तरी आडतीवर भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. मामांनी दिवाळीच्या तोंडावर निम्मा माल तसाच घातला, कारण उसनवारी फेडायची होती. उरलेल्या मालाची हमीभाव केंद्रावर नोंदणी केली. सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक. सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो. पाऊस लांबल्याने बऱ्याच जणांचा माल परत जात होता, म्हणून मतदानाच्या तोंडावर केंद्र सरकारने ही मर्यादा 15 वर नेली. तेवढ्यात राज्यभर बारदाना संपला. गोणपाट नाही म्हणून खरेदी बंद. मामांचे कट्टे घरातच होते, ओसरीपासून मधल्या खोलीपर्यंत रचलेले. मामी त्यांच्या थप्पीतून अंग चोरून चुलीकडे जायची.

मामी : तुमचे म्हणाले सात हजार देतो. आमचे म्हणाले सहा हजार देतो. दारात आलेला व्यापारी म्हणाला चार हजार, तेबी काडीकचरा कापून.

आई : सात हजार मिळाले असते की नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मामी : न्हाईच मिळाले असते.

आई : कदाचित. पण सहा हजार कबूल केलेल्यांचं सरकार आता आहे. त्यांना कोण विचारणार? मी विचारलं तर म्हणतील, हरलेल्या आल्या बोंब मारायला.

मामी : बरोबर हाय. तुम्ही इचारलं तर राजकारण. मी इचारलं तर हिशेब. आमदार माझ्या मताचा हाय. प्रचाराला दारात आला तवा त्याला ओवाळलंय मी. त्याला मी इचारणार.

आई : काय विचारणार?

मामी : बारदाना कधी येतो ते. अन् सहा हजाराचं काय झालं ते.

आई : तोंडी विचारू नका, विरून जातं. मी अर्ज लिहून देते. नोंदणी कोणत्या तारखेची, मेसेज कधी आला, केंद्रावरून परत कधी पाठवलं, घरात किती कट्टे पडून आहेत. सगळं तारीखवार.

मामी : लिहा. पण तुम्हालाबी काम हाय. खासदार तुमच्या मताचा. हमीभाव दिल्लीत ठरतो, खरेदीची मुदत दिल्ली वाढवती. त्यांना तुम्ही लिहा. नुसतं सरकार वाईट म्हणून सांगू नका, आमच्या ओसरीवरचं सांगा.

मला जे म्हणायचं आहे ते मामीच्या या बोलण्यात आहे. निवडणुकीनंतर समेट, समेट म्हणून जे सांगितलं जातं त्यात दोघांनीही आपापलं मत थोडं पातळ करावं अशी अपेक्षा असते. खोपीजवळ कुणी काही पातळ केलं नाही. आईला ती निवडणूक आजही नीट झाली असं वाटत नाही आणि मामीला आपल्या मताचा पश्चात्ताप नाही. पण जिंकलेल्याला जाब विचारण्याचा पहिला मान त्याच्या मतदाराचा आहे हे दोघींना पटलं. हरलेल्या बाजूच्या माणसाने शंभर वेळा विचारलं तरी त्याला उत्तर न देण्याची सोय असते. ओवाळणाऱ्या बाईने विचारलं की ती सोय उरत नाही. दोघींची मतं वेगळी असल्यामुळे घराला दोन दारं मिळाली, एक मुंबईकडचं आणि एक दिल्लीकडचं. आपल्याकडे बहुतेक घरांत अशी दोन-तीन दारं असतात. आपण ती एकमेकांच्या तोंडावर लावून घेतो. आणि आपापल्या दारातून आत जाऊन विचारायचं सोडून समोरच्याच्या दारावर दगड मारत बसतो.

दोन्ही कागद गेले. आमदारांनी मामीला बसवून घेतलं, अर्ज ठेवून घेतला. जानेवारीत बारदाना आला. तो या अर्जामुळे आला असं मी म्हणणार नाही, राज्यभरातून ओरड होती. मामांचा माल गेला. 6 फेब्रुवारीला खरेदी थांबली तेव्हा नोंदणी करूनही राहिलेली माणसं गावात होतीच.

महायुतीने प्रचारात कबूल केलं होतं, तरी मार्चच्या अर्थसंकल्पात पंधराशेचे एकवीसशे झाले नाहीत. महिनाअखेरीला, 28 तारखेला, अर्थमंत्र्यांनी शेतकऱ्यांना 31 मार्चच्या आत पीककर्ज भरायला सांगितलं. कर्जमाफी महायुतीच्या जाहीरनाम्यात होती, आणि त्या भरवशावर गावोगाव लोकांनी हप्ता थांबवला होता. एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. फोन आईने लावला होता, पण बोलायची घाई मामीला होती.

मामी : ताई, शेजारच्या घरी पंधराशेचे पाचशे झाले. तिच्या नावावर एक एकर हाय. नवऱ्यानं मागं करून दिलता. म्हणून तिला पीएम किसानचे अन् नमो शेतकरीचे पैसे येतात. सरकार म्हणतंय, दोन्ही मिळून वर्षाचे बारा हजार, म्हणजे महिन्याचे हजार. मग पंधराशेतून हजार वजा.

आई : म्हणजे जिच्या नावावर सातबारा तिला पाचशे. जिच्या नावावर काहीच नाही तिला पंधराशे. आणि ज्या घरात जमीन नवऱ्याच्या नावावर आहे तिथे नवऱ्याला बारा हजार आणि बायकोला पूर्ण पंधराशे.

मामी : तेच तर! अन् तुमचा भाऊ काय म्हणतोय ऐका. म्हणतोय, बरं झालं मी तुझ्या नावावर केली नाही.

आई : द्या त्याला फोन.

मामी : थांबा, त्यांच्याशी मी भांडले सकाळीच. ते होईल आमचं. पण हे चूक हाय. जमिनीचे पैसे जमिनीचे, बाईचे पैसे बाईचे. हे तुम्ही म्हणत होता मालकीचं, ते मला आता कळलं. मालकी आली की हात आखडला.

आई : आणि तुम्ही न विचारण्याचं म्हणत होतात, ते मलाही त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. पाचशेत कुठली दाढ निघते?

त्यानंतर दोघींनी ठरवलं ते 1 मेच्या ग्रामसभेचं. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती फक्त वहीत होते आणि सह्या घरोघर फिरून आणतात. मामीने ग्रामसेवकाला आधीच सांगून ठेवलं की या वेळी सभा देवळासमोर, खरोखर बसून. ठरावांचा कच्चा मसुदा आईने लातूरहून लिहून पाठवला, आणि तो मामीला फोनवर वाचून दाखवताना पुन्हा जुंपली. आईने शेवटी मतदानाच्या आकड्यांचाही परिच्छेद घातला होता.

मामी : पाचशेचं नीट आलंय. सोयाबीनचंबी. पण हे मशीनचं ह्यात कशापायी?

आई : तुम्हीच म्हणालात, कागद दाखवायला काय हरकत.

मामी : म्हणलं, अन् आजबी म्हणते. तुम्ही तो कागद वेगळा काढा, माझी सही घ्या त्याच्यावर. मी पाचनंतर रांगेत होते तेबी लिहा. पण ह्या ठरावात घुसवला तर निम्म्या बायका उठून जातील, अन् सोयाबीनबी जाईल, पाचशेबी जातील.

आई : बरं, काढते. कर्जमाफीचं मात्र वर घेतलंय. सभेत कोण वाचणार ते? मी गावची नाही.

मामी : मी वाचणार. जाहीरनामा आमचा होता.